बायका सहा, हात आठ

माझ्या सासूबाई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात मुकादम होत्या आणि मी त्याच हॉस्पिटलच्या कार्यालयात टायपिस्ट. त्या तळघरात, मी तिसऱ्या मजल्यावर. घरी आम्ही एकाच ओट्याशी उभ्या राहायचो, पण तिथेही त्या मला तिसऱ्या मजल्यावरचीच धरायच्या. "तुमच्या वरच्यांना सांग," असं म्हणायच्या, जणू मी ढगातून उतरून भांडी घासायला येते.

वरच्यांना सांगायचं असायचं ते सुयांबद्दल. इंजेक्शन दिलं की सुई पिवळ्या डब्यात टाकायची, एवढा साधा नियम. पण वॉर्डात घाई असते, डबा चार पावलांवर असतो आणि चार पावलं चालणं हे शिकलेल्या माणसाला फार जड जातं. सुई पलंगावर राहते. मग कोणीतरी चादर गोळा करतं, तिचं गाठोडं होतं, गाठोडं तळघरात येतं आणि ते सोडणाऱ्या बाईच्या हातात सुई घुसते. रबरी हातमोजे असतात, पण त्यांतून सुई लोण्यातून जावी तशी जाते.

दर वेळी सासूबाई अर्ज लिहायच्या. दोन वर्षांत चौदा अर्ज. प्रत्येकावर मी "पोहोचले" असा निळा गोल शिक्का मारायचे, खाली तारीख, छोटी सही, की अर्ज फायलीत. फाइल जाड झाली. बाकी काही झालं नाही.

मग चिमणीला टोचलं. धुलाईखात्यातल्या नऊ बायकांत ती सगळ्यात लहान, आवाजावरून नाव पडलेलं. बाळंतपणाच्या रजेवरून येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. शस्त्रक्रिया विभागाचा उशीचा अभ्रा उलटा करताना सुई डाव्या हाताच्या मधल्या बोटात गेली. कोणत्या रोग्याची, कोणाला ठाऊक. डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि तोवर बाळाला अंगावर पाजू नकोस म्हणाले. ती परत खाली आली आणि गाठोड्यावर बसून राहिली. पुढून ब्लाउज भिजला होता.

त्या दिवशी सासूबाई ओल्या अ‍ॅप्रनसकट तिसऱ्या मजल्यावर आल्या. अधीक्षक साहेबांच्या टेबलावर त्यांनी पत्र्याचा डबा उपडा केला. आतून त्या महिन्यातल्या चार सुया पडल्या. साहेबांनी खुर्ची मागे घेतली.

"मावशी, विषय गंभीर आहे," साहेब म्हणाले. "म्हणूनच आपण तो सर्जनशील पद्धतीनं हाताळणार आहोत."

"म्हणजे पलंगाला पलंगाला डबा लावणार?"

"म्हणजे लोकांच्या मनात विचार रुजवणार."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी संगणकाकडे पाहिलं.

विचार रुजवायला जो माणूस आला तो स्वतःला संवाद सल्लागार म्हणवायचा. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव फुगा ठेवलं. दिसायला किडकिडीत होता, पण बोलायला लागला की छाती भरून यायची आणि टाचा जमिनीवरून उचलल्या जायच्या. "कल्पना ही डोक्यात नाही, हृदयात उतरली पाहिजे," हे वाक्य मी त्याच्या तोंडून एका सकाळी सहा वेळा ऐकलं. साहेब प्रत्येक वेळी ते वहीत लिहून घेत.

तो तळघरातही गेला. नऊ बायकांना गोल करून उभं केलं आणि म्हणाला, "आता सगळ्यांनी डोळे मिटा. सुई ही तुमची मैत्रीण आहे अशी कल्पना करा."

"इथे डोळे मिटायची सोय नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि बायका गाठोड्यांकडे परत गेल्या.

महिन्याभरात पोस्टर आलं. त्यावर एक सुई होती. तिला डोळे होते, पापण्या होत्या, गालावर खळी होती. नाव सुईताई. तिच्या तोंडातून फुटलेल्या बुडबुड्यात लिहिलं होतं, "मला घरी सोड ना!" आणि घर म्हणजे तो पिवळा डबा, त्याला छप्पर आणि खिडकी काढलेली. खाली मोठ्या अक्षरांत, "सुई छोटी, जबाबदारी मोठी." अशी चाळीस पोस्टरं लागली. त्यातली चार धुलाईखात्यात लावली. म्हणजे ज्यांना टोचायचं त्यांनाच समजावलं.

शिवाय गाणं होतं. "सुईताई, सुईताई, घरी जायची झाली घाई." ते लिफ्टमध्ये वाजायचं. एक मात्र कबूल केलं पाहिजे, गाणं सगळ्यांच्या तोंडी बसलं. सिस्टर गुणगुणायच्या, वॉर्डबॉय शीळ घालायचे, एका विभागप्रमुखांच्या फोनवरही ते वाजायचं. सगळे गुणगुणत गुणगुणत चादरी गोळा करायचे आणि सुया आतच राहायच्या. त्या महिन्यात पाच निघाल्या. आधीपेक्षा एक जास्त.

घरी सासूबाईंनी मला विचारलं, "ते पोस्टरवरचं तूच टाइप केलंस ना?"

"हो."

"टाइप करताना वाचतेस, की नुसती बोटंच चालतात?"

"आई, मला सांगतात ते मी करते. नोकरी आहे."

"नोकरी मीही करते," त्या म्हणाल्या. माझा नवरा शेजारी बसून मोजे चढवत होता. त्याने मोजा चढवायला जेवढा वेळ लावला तेवढ्यात एखाद्याचं पायाचं ऑपरेशन झालं असतं. आई आणि बायको यांच्यामध्ये बोलायचं नाही, हे त्याचं आयुष्यभराचं धोरण.

दोन दिवसांनी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि सरळ म्हणाल्या, "पहिल्या सोमवारच्या बैठकीत कोण कुठे बसतं ते मला लिहून दे."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता सगळे विभागप्रमुख लांब टेबलाशी बसतात. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहिते. खुर्च्या दहा, आणि प्रत्येकाची ठरलेली. नेत्रविभागाचे डॉक्टर एकदा चुकून दुसऱ्याच्या खुर्चीत बसले होते तर वातावरण आठवडाभर तापलेलं होतं.

"कशाला हवंय?" मी विचारलं.

"टेबलावरची चादर कोण पाठवतं दर महिन्याला?"

"तुम्ही."

"मग."

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे टेबल काढलं, दहा चौकोन काढले, विभाग लिहिले आणि पान त्यांच्या उशीखाली ठेवलं. हातात द्यायची हिंमत झाली नाही.

पुढचं मला चिमणीकडून कळत गेलं. सासूबाईंनी पांढरी जाड चादर इस्त्रीच्या टेबलावर पसरली आणि ज्यांना ज्यांना टोचलं होतं त्या सहा जणींना हात ठेवायला लावले. पेन्सिलीनं हात आखले. दोघींना दोन्ही हातांना टोचलं होतं, म्हणून हात आठ झाले. कडा राखाडी दोऱ्यानं साखळी टाक्यात भरायच्या, आणि सुई जिथे गेली होती तिथे लाल दोऱ्याचा एकच गाठीचा टाका. खाली विभाग, कपडा, तारीख. टोचल्याची तारीख कोणालाही विचारावी लागली नाही. प्रत्येकीला पाठ होती.

काम जेवणाच्या सुट्टीत चालायचं, पाच आठवडे. सासूबाई लहानपणी मावशीकडे भरतकाम शिकलेल्या, आणि त्यांना दुसऱ्याचा टाका आजवर कधी आवडलेला नाही. "हे बोट आहे की भेंडी?" म्हणायच्या आणि उसवायच्या. एकीने तिचा अंगठा तीनदा भरला. चिमणीने सुचवलं, कडेनं पानांची नक्षी काढू या, छान दिसेल.

"छान कशाला दिसायला हवं?" सासूबाई म्हणाल्या. "आपण काय त्यांचा चहा सजवायला बसलोय? हात हातासारखा दिसला पाहिजे. तेवढं जमलं तरी खूप."

सोमवार आला. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात वही घेऊन बसले. चादर अंथरलेली होती, आणि वर फायली, पाण्याचे पेले, चहाचे कप आले. राखाडी रेघा कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. मोठी माणसं टेबलाकडे बघत नाहीत, टेबलापलीकडच्याकडे बघतात. अधीक्षक साहेब बोलायला उठले. "सुईताई मोहिमेला मिळालेला प्रतिसाद अत्यंत उत्साहवर्धक आहे. गाणं तर लहानथोरांच्या..."

"हे काय आहे?" मोठे सर्जन म्हणाले.

शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख. त्यांच्या रागाला अख्खं हॉस्पिटल घाबरायचं. त्यांनी कप उचलला होता आणि कपाखालच्या जागेकडे बघत होते.

"हात आहे," स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्यापुढेही आहे."

मग सगळ्यांनी पाहिलं. फायली सरकल्या, कप उचलले गेले. एकदा तो हात आहे हे कळल्यावर त्यावर गरम कप परत ठेवायला कोणी तयार होईना. दुसरीकडे ठेवावा तर तिथे शेजाऱ्याच्या फायली. म्हणून इतकी शिकलीसवरलेली माणसं हातात कपबशा धरून तशीच बसली, नवरी बघायला आलेल्या मामांसारखी.

"माझ्यापुढे काहीच नाही," नेत्रविभागाचे डॉक्टर म्हणाले. सुटल्याचा आनंद होता, पण पंगतीत आपल्याला वाढायचं राहिलं की काय, असाही एक सूर होता.

सर्जनांनी मोठ्यानं वाचलं. "शस्त्रक्रिया विभाग. उशीचा अभ्रा." मग तारीख वाचली. "कोणाचा हात आहे हा? एवढासा?"

साहेब घाईनं म्हणाले, "काहीतरी गैरसमज झालाय. चादर बदलायला सांगतो."

"राहू द्या. जिनं केलंय तिला बोलवा."

सासूबाई आल्या. या वेळी अ‍ॅप्रन काढून आल्या होत्या, केस विंचरलेले. दारातच थांबल्या.

"ही सुई आमच्याच वॉर्डातली कशावरून?" सर्जनांनी विचारलं.

"कपड्यावर वॉर्डाचा शिक्का असतो. अभ्र्याला आतल्या बाजूनं असतो. तुम्ही बघितला नसेल. तुम्हाला अभ्रे उलटे करावे लागत नाहीत."

कोणीतरी खोकलं.

"या बाई आता कशा आहेत?"

"दोन तपासण्या झाल्या. शेवटची राहिलीय. चार महिन्यांचं बाळ होतं तेव्हा, आता आठ महिन्यांचं झालं. वरच्या दुधावर आहे."

सर्जनांचा आवाज चढला. "मग लेखी का नाही कळवलंत? तोंडी सांगून, शिवून, भरून काय उपयोग? अर्ज द्यायचा!"

"साहेबांची फाइल जरा उचला," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी फायलीवर तळवा ठेवला. सर्जन उभे राहिले, टेबलावरून वाकले आणि त्यांनी फाइल तळव्याखालून ओढून काढली. खाली हात नव्हता. निळ्या दोऱ्यानं भरलेले गोल होते, दोन रांगांत सात सात. प्रत्येकात "पोहोचले", तारीख, आणि माझी छोटी सही. सहीची शेवटची शेपटी मी जराशी वळवते. सासूबाईंनी ती वळवूनच भरली होती, चौदाही वेळा.

हे मला ठाऊक नव्हतं. खुर्च्यांचा नकाशा मी दिला, तेव्हा मला वाटलं होतं मी त्यांच्या बाजूची झाले. इतिवृत्तात काय लिहावं ते सुचेना, म्हणून मी लिहिलं, "चादरीवर चर्चा झाली."

सर्जनांनी कोणाची माफी मागितली नाही. तशी सवय नव्हती. कप जमिनीवर ठेवला आणि निघून गेले. त्या दुपारी ते तळघरात गेले, एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, आणि वाट चुकून आधी बॉयलरच्या खोलीत शिरले. मग कोणीतरी त्यांना चिमणीपाशी नेलं. तिला ते काहीतरी बोलले, पण मशीन चालू होती.

"काय म्हणाले गं?" सगळ्यांनी विचारलं.

"काही ऐकू आलं नाही," चिमणी म्हणाली. "मी मान हलवली."

पंधरा दिवसांत प्रत्येक पलंगाला डबा लागला. चादर ट्रेवर झटकल्याशिवाय गाठोड्यात जायची नाही असा नियम झाला, आणि सर्जन स्वतः वॉर्डात उभे राहून झटकवून घ्यायला लागले. पुढच्या महिन्यात दोन सुया निघाल्या, नंतर एक, मग दोन महिने एकही नाही, मग त्वचाविभागाच्या गाठोड्यातून पुन्हा एक. सुया संपल्या असं म्हटलं तर ते फुग्याचं भाषण होईल. संपल्या नाहीत. पण गाठोडं सोडताना बायका आता मधेच बोलू शकायच्या, हसू शकायच्या. पूर्वी श्वास धरून सोडायच्या.

चिमणीची शेवटची तपासणी चांगली आली. दूध मात्र केव्हाच आटलं होतं.

आणि मग फुगा परत आला. चादरीची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. त्याने टेबलाभोवती फिरून फिरून फोटो काढले, डोळे पुसले आणि तळघरात जाऊन सासूबाईंपुढे हात जोडले. "मावशी, तुम्ही कलाकार आहात."

"मी तुमच्या आईची बहीण नाही. आणि कलाकार असते तर त्या अंगठ्याला तीनदा उसवावं लागलं नसतं."

"ही कल्पना तुम्हाला सुचली कशी? प्रेरणा काय होती?"

"टोचलं," सासूबाई म्हणाल्या.

त्याने ते लिहून घेतलं. मग मुद्द्यावर आला. पन्नास हॉस्पिटलांसाठी अशाच पन्नास चादरी हव्या होत्या. अगदी अशाच, याच आठ हातांच्या.

"का? तिकडे धुवायला बायका नाहीत?"

"आहेत ना."

"त्यांना हात नाहीत?"

फुगा हसला. त्याला तो विनोद वाटला. पन्नास चादरी त्याने यंत्रावर छापून घेतल्या. हात आठच, पण विभागांची नावं काढून टाकली, कोणाकडे बोट दाखवल्यासारखं वाटू नये म्हणून. लाल गाठी गुलाबी केल्या. कडेनं पानांची नक्षी आली. शिक्क्यांचा कोपरा फोटोतच कापला होता, त्या जागी सुईताई बसली, खळीसकट. सोबत एक पुस्तिका होती, "तळागाळातील सर्जनशीलता". ती मी टाइप केली. त्यात फुग्याचं नाव सतरा वेळा, अधीक्षक साहेबांचं नऊ वेळा आणि सहा बायकांचा उल्लेख "महिला वर्ग" असा एकदा. मी मसुद्यात सहा जणींची नावं घालून पाहिली. साहेबांनी लाल पेननं काट मारली. मी पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा काट मारली आणि विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

फुगा आणि साहेब, दोघांना मिळून पुरस्कार मिळाला. समारंभाचं निमंत्रण सासूबाईंनाही आलं, मागच्या रांगेचं. त्या गेल्या नाहीत. "बसून टाळ्या वाजवायला मला हात जास्तीचे नाहीत," म्हणाल्या.

"पुस्तिका वाचलीस?" त्यांनी मला विचारलं.

"शब्द न् शब्द. मळमळलं."

"सुधारतेयस," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकुलती एक शाबासकी.

वर्षभरानं एका रविवारी आमच्या दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. दुसऱ्या कुठल्याशा हॉस्पिटलात धुलाईखात्याची मुकादम. पिशवीतून तिने छापील चादर काढली आणि जमिनीवर पसरली. "ही आमच्याकडे आली. सगळे छान म्हणाले. एका डॉक्टरांनी विचारलं, ही पानं कसली आहेत. सुया येतातच आहेत. तुमचा टाका तेवढा मला शिकवा."

सासूबाईंनी चादरीचा कोपरा अंगठ्यानं चोळून पाहिला. "छापलेला हात कोणाचा असतो?" त्या म्हणाल्या. "टाक्यात काही नाहीये, बाई. टाका मला तरी कुठे धड येतो. तुझे डॉक्टर रोज कशाला हात लावतात? तुमच्याकडे धुवायला येतं आणि त्यांच्याकडे परत जातं, असं काय काय आहे?"

बाई विचारात पडली. "चादरी. पडदे. त्यांचे कोट."

"मग बस विचार करत. माझ्या टेबलाची नक्कल करू नकोस." तिला चहा दिला, छापील चादर ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिची पायपुसणी केली. चांगली टिकली.

चार महिन्यांनी टपालानं एक पुडकं आलं. आत डॉक्टरांचा एक पांढरा कोट होता, धुऊन, इस्त्री करून. बाहेरून काहीही नाही. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की असे तीस कोट केलेत, आणि उजव्या खिशात हात घालून बघा.

मी आधी घातला आणि झटकन बाहेर काढला. आतल्या अस्तरावर, बोटांची टोकं बरोबर जिथे टेकतात तिथे, टणक दोऱ्याची एक गाठ होती. अगदी सुईच्या टोकासारखी लागायची. खिसा उलटा केला तर गाठीशेजारी बारीक अक्षरांत एका बाईचं नाव होतं आणि तारीख. चिठ्ठीत पुढे होतं की पहिल्या दिवशी राउंड चालू असताना सात डॉक्टर एकामागून एक दचकले, रोग्यांसमोर. आता त्या खिशांत हात घालण्याआधी ते थांबतात, आणि म्हणे थांबले की पलंगाकडेही बघतात.

मी कोट सासूबाईंना दिला. त्यांनी चष्मा लावला, खिशात हात घातला, बराच वेळ चाचपून पाहिलं, मग खिसा उलटा करून टाके मोजले.

"गाठ जरा सैल आहे," त्या म्हणाल्या. "दोन-चार धुलाईत सुटेल. तिला लिही, दोरा दुहेरी घे म्हणावं."